जांभळाचा डाग

फार जुनी गोष्ट. एका गोधडीच्या कोपऱ्यात रेशमी तुकडा होता. शेजारच्या सुती तुकड्यावर जांभळाचा डाग पडला आणि रेशमी तुकड्याला त्याची लाज वाटू लागली.

ओढ्यावर गोधडी धुवायला आली, तेव्हा रेशमी तुकडा ब्रशला म्हणाला, "डाग निघेपर्यंत घास याला."

"अरे, कापड विरलंय. उन्हात वाळवत राहिलं, तर डाग हळूहळू फिका होईल."

"तोवर मी याच्याशेजारी राहू? घास!"

ब्रश घासू लागला. "दादा, सांगा ना त्याला, पुरे," सुती तुकडा कळवळला. रेशमी तुकड्याने तोंड फिरवलं.

डाग गेला, सुती तुकडाही फाटून पाण्यात वाहून गेला. दोघांना एकाच दोऱ्याने शिवलं होतं. तो दोरा सरसर उसवला आणि रेशमी तुकडाही सुटून प्रवाहात ओढला गेला.

"मला धरा रे!" रेशमी तुकडा ओरडला. धरायला शेजारी कुणी उरलंच नव्हतं.