म्हाळूने म्हशीला वैरण घातली

‘अंगी लागणे’ हा शब्दप्रयोग आधी समजून घ्यावा. माणूस जेवतो ते सगळेच त्याच्या अंगी लागत नाही. पिकाचेही तसेच आहे. युरियातले नत्र काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर निघून जाते. पिकाच्या पानाखोडात जेवढे उतरते, तेवढेच अंगी लागले म्हणायचे. गव्हाला हे साधले. म्हाळूला सांगितलेले मात्र नेहमी भलत्याच्याच अंगी लागे.

हा म्हाळू नदीकाठच्या एका गावात राहत असे. भोळा होता, आज्ञाधारक होता, आणि हे दोन्ही गुण एकाच माणसात असणे धोक्याचे असते. त्याची म्हैस गाभण होती. ती व्याली की तिला हिरवी वैरण हवी, म्हणून त्याची बायको यमुना हिने वीतभर रानात गहू पेरला होता. धान्यासाठी नव्हे, ओंबी येण्याआधीच कापून म्हशीला घालण्यासाठी. दुसरी हिरवी काडी घरात नव्हती.

शेजारचे दगडूतात्या जाणते होते. ते म्हणाले, “म्हाळू, खत एकदम ओतू नकोस. एकवीस-एकवीस दिवसांनी, तीन हप्त्यांत दे. तरच अंगी लागतं.”

म्हाळूने पहिला हप्ता दिला. त्याच दुपारी सासरे आले. म्हाळूने त्यांना भाकरीचा तिसरा हिस्सा वाढला आणि टोपले झाकले.

“जावईबापू, उरलेली भाकरी?”

“एकवीस दिवसांनी, मामा. एकदम दिली तर वाया जाते.”

“आणि तोवर मी काय करू?”

“गव्हासारखं वाढा.”

यमुनेने कपाळाला हात लावला. “अहो, भुकेल्यानं मागितलं की द्यायचं असतं!”

हे म्हाळूला पटले. एकवीस दिवस झाले तेव्हा तो खताची पाटी घेऊन बांधावर बसला. “हवं का?” त्याने गव्हाला विचारले. वारा आला आणि गव्हाने मान हलवली. नको म्हणतोय, असे समजून म्हाळू पाटी घेऊन घरी परतला. असे आठ दिवस चालले. गहू पिवळा पडला.

तात्या संतापले. “अरे शहाण्या, पीक तोंडानं मागतं का? पिवळं दिसलं की समजायचं, नत्र कमी पडलं. लगेच द्यायचं!”

म्हाळू पाटी घेऊन निघाला. वाटेत पाटलांच्या दारी मांडव होता. मांडवात पाटलांची लेक हळद लावून बसली होती. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. म्हाळूला दया आली. त्याने दोन्ही हातांनी तिच्यावर युरिया उधळला. पांढरे दाणे पाहून वऱ्हाडी मंडळींना अक्षताच वाटल्या. दोघांनी तर “आम्हालाही द्या” म्हणून ओंजळी पुढे केल्या.

नवरी मात्र किंचाळली.

“खत गव्हाला द्यायचं, नवरीला नाही!” मागून धावत आलेले तात्या ओरडले. “आणि डोक्यावर तर मुळीच नाही. उघडं राहिलं की उडून जातं. मुळाशी द्यायचं, मातीनं झाकायचं, वरून पाणी सोडायचं!”

या खेपेस तात्या स्वतः शेतावर आले. उरलेले खत त्यांनी समोर उभे राहून मुळाशी घालून घेतले. गहू पुन्हा हिरवागार झाला, मांडीला लागला. ऐन वेळी म्हैस व्याली.

यमुना रेडकापाशी अडकली होती. ती म्हणाली, “अहो, सगळा गहू कापा आणि म्हशीला घाला. नीट घाला हं! एक काडी वाया गेली तर बघा.”

सायंकाळी ती गोठ्यात आली. म्हैस गुडघाभर चिखलात उभी होती आणि हंबरत होती. गव्हाणीत काहीच नव्हते.

“वैरण कुठंय?”

“घातली. मुळाशी.” म्हाळूने म्हशीच्या खुरांकडे बोट दाखवले. “मातीनं झाकली. बारा घागरी पाणी सोडलं. एक काडी उडू दिली नाही.”

यमुनेने आणि तात्यांनी ती वैरण उकरून काढली, ओढ्यावर पेंढी पेंढी धुतली, तेव्हा कुठे म्हशीच्या तोंडी घास गेला.

ही कथा सांगणारे बहुतेक जण म्हणतात की म्हाळूने म्हैसच पुरली. ते चूक आहे. त्याने फक्त पाय पुरले. “म्हैसच पुरणार होतास का?” असे तात्यांनी विचारले, तेव्हा तो दुखावला. म्हणाला, “तात्या, इतकाही खुळा नाही मी. पुरतात ते बियाणं. ही तर उगवून आलेली आहे!”