रेंजचं झाड

एका चिमुकल्या डोंगराळ देशात एक राजा होता, आणि राजाहून मोठा एक शेट होता. राजाला कर मिळायचा वर्षातून एकदा. शेटला पैसे मिळायचे प्रत्येक ‘हॅलो’मागे. कारण साऱ्या देशात मोबाईल म्हणजे शेटचाच. टॉवर त्याचे, फोन त्याचे, रिचार्जची दुकानंही त्याचीच. रिचार्जच्या कार्डावर चेहरासुद्धा त्याचाच छापलेला.

शेट मनाने वाईट नव्हता. त्याचे वडील डोक्यावर तेलाची घागर घेऊन दारोदार हिंडलेले. ते सांगायचे, “पोरा, गिऱ्हाईक येताना कुणीही बघतो. जाताना ते मागे वळून बघतं का, तेवढं बघत जा.” शेटने हे बोल पाठ केले होते. पण गावात दुसरं दुकानच नसलं, की दुकानदाराला गिऱ्हाइकाची पाठ दिसतच नाही. मग ते वळून बघतं की नाही, कळणार कसं?

“शेटजी, आमच्या दरीत रेंज येत नाही हो,” असं सांगत लोक यायचे.

“बघू हं, एवढा पावसाळा सरू दे,” शेट गोड हसून म्हणायचा. पावसाळे सरत राहिले.

एके दिवशी राजाने दवंडी पिटवली, की आता परदेशचे दोन व्यापारीही या देशात टॉवर उभारणार. शेटने लगेच आपल्या मुनीमाला बोलावून घेतलं.

“मुनीमजी, बुडालो आपण.”

मुनीम दम्याने बेजार, पण डोक्याने तल्लख. तो म्हणाला, “विकू देत की त्यांना फोन. आपण मधे भिंत घालू. आपल्या फोनवरून त्यांच्या फोनवर बोलणं जायचं नाही, त्यांचं आपल्याकडे यायचं नाही. बापाकडे आपला फोन आणि लेकीकडे त्यांचा, तर बोलणार कसे? निमूट आपल्याकडेच राहतील.”

दवंडीत भिंतीबद्दल काहीच नव्हतं. शेटला युक्ती पटली. त्याने एका गोड गळ्याच्या गायिकेकडून चार शब्द बोलून घेतले. कुणी नव्या फोनवर बोलायला गेलं, की ऐकू यायचं: “हा फोन परका आहे. शेटजींच्या फोनवर बोला, आपल्या माणसांशी बोला.” शेटला ते इतकं आवडलं, की जेवण झाल्यावर तो उगीचच एखादा परका नंबर लावून ऐकत बसे.

नवे व्यापारी आले. त्यांचे टॉवर उभे राहिले, अगदी त्या लांबच्या दरीतसुद्धा. वर्ष सरलं आणि मुनीम बातमी घेऊन आला, “शेटजी, दरीतल्या एकानेही आपला फोन सोडलेला नाही!”

शेटचे डोळे भरून आले. “तिथे तर आपला टॉवरही नाही, तरी धरून आहेत! याला म्हणतात जिव्हाळा. चला, त्यांचं तोंड गोड करून येऊ.”

पेढ्यांची टोपली घेऊन दोघे बैलगाडीने निघाले. दरीच्या काठावर एक जुनं हिरड्याचं झाड होतं. त्याच्या फांद्याफांद्यांना लाल, पिवळ्या, निळ्या कापडी पिशव्या टांगलेल्या, आणि प्रत्येक पिशवीत एकेक फोन. सगळे शेटचेच! खाली अधू नजरेची एक आजी केरसुणी बांधत बसली होती.

शेटने जोडे काढले, हात जोडले आणि हळूच विचारलं, “आजी, हे नवसाचं झाड का?”

“नवसाचं?” आजीला हसू आवरेना. “अरे बाबा, रेंजचं झाड हे! त्या शेटड्याच्या फोनला खाली दरीत रेंज नाही. या फांद्यांना तेवढी येते, म्हणून टांगलेत.”

“मग लोकांनी नवा फोन का नाही घेतला?” मुनीमाने विचारलं.

“घेतला की सगळ्यांनी! चुलीपाशी बसून बोलता येतं. पण बाहेरगावची सोयरी अजून शेटच्याच फोनवर. त्यांचं बोलणं नव्यावर येत नाही. भिंत घातलीय ना त्या मेल्याने! मग एखादी पिशवी वाजली की मी हाक मारते, ज्याचा फोन तो पळत येतो. तुम्ही कुठले म्हणायचे?”

मुनीमाला खोकला आला. शेट म्हणाला, “आम्ही… पेढेवाले.”

तेवढ्यात पिवळी पिशवी वाजू लागली.

“अगं बाई, सुईणीची!” आजी उठू लागली आणि गुडघे धरून खाली बसली. “तिचं घर ओढ्यापलीकडे, माझी हाक पोचायची नाही, नि माझा नवा फोन घरीच राहिलाय. आणि आज सगळी बाजाराला गेलीत. घे रे बाबा, तूच घे.”

शेटने फोन कानाला लावला.

“मावशी, धावा! मी घाटावरचा गिरणीवाला, बायकोला सकाळपासून कळा येताहेत, आता डोळे फिरवायला लागलीय!”

“मी मावशी नाही…”

“मग कोण तुम्ही?”

“निरोप देतो,” शेट म्हणाला. पिशवीवर सुईणीने आपला नवा नंबर दोऱ्याने शिवून ठेवला होता. शेटने घाईघाईने आपला सोनेरी फोन काढला आणि तो नंबर लावला.

“हा फोन परका आहे,” गोड आवाज म्हणाला. “शेटजींच्या फोनवर बोला, आपल्या माणसांशी…”

त्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच. “अगं, तिकडे बाई अडलीय!” शेट ओरडला.

“त्या फोनवर ओरडून काय होतंय?” आजी म्हणाली. “पळ!”

शेट पळाला. तसाच, अनवाणी. धोतराचा सोगा हातात धरून, घसरत, धापा टाकत. पगडी करवंदीच्या जाळीत अडकली, ती तिथेच राहिली. ओढ्यातल्या दगडांनी पाय सोलवटले. रिचार्जच्या कार्डावरचा चेहरा असा दारात बघून सुईण चमकलीच. पण निरोप ऐकताच तिने झोळी उचलली आणि आडवाटेने निघालीसुद्धा. मागे खिडकीत तिचा नवा फोन, छान रेंज पकडून, मुकाट पडला होता.

शेट लंगडत झाडाखाली परत आला. पेढ्यांना कुणी हात लावला नाही. उन्हं कलली तरी पिवळी पिशवी गप्पच. एकदाची ती वाजली.

“मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. पण मावशी म्हणतात, आणखी थोडा उशीर झाला असता तर…” शेटने फोन आजीच्या कानाला लावला.

आजीने डोळे पुसले. “मुलगी झाली की बर्फी वाटतात, पेढेवाले.”

“आज पेढ्यालाच बर्फी म्हणा, आजी,” शेट म्हणाला आणि टोपली तिच्यापुढे सरकवली.

शेटचे पाय इतके सुजले होते, की जोड्यांत मावेनात. तसाच तो गाडीत चढला. गाडी हलताच म्हणाला, “मुनीमजी, भिंत पाडा.”

“शेटजी! निम्मं गिऱ्हाईक जाईल!”

“जाऊ दे. मी ज्याला जिव्हाळा समजत होतो, तो झाडाला टांगलेला होता.”

भिंत पडली, आणि मुनीमाचं म्हणणं खरं ठरलं. लोक भराभरा निघाले. शेट दुकानाच्या पायरीवर बसून, आयुष्यात पहिल्यांदाच, जाणाऱ्यांच्या पाठी बघत राहिला. बरेचजण सरळ निघून गेले. काहींनी मात्र जरा थबकून मागे वळून बघितलं. त्यांना त्याने हाक मारून बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, “काय कमी पडलं?” जे ऐकलं, ते एकेक करून सुधारायला घेतलं. दरीत टॉवर उभारला. गेलेले सगळे काही परतले नाहीत. पण जे परतले, ते आपल्या पायांनी आले.

एके सकाळी शेटचा सोनेरी फोन वाजला. नंबर परका होता.

“शेटजी, मी दरीतली सुईण. नव्या व्यापाऱ्याच्याच फोनवरून बोलतेय, तो काही मी सोडायची नाही बरं! पण झाडावरच्या पिशव्या उतरवल्या आम्ही. आता खाली फक्त तुमचे जोडे उरलेत. आजी विचारतेय, पेढेवाल्याने ते नवसाला ठेवलेत, की न्यायला येतोय?”

शेट पोट धरून हसला. मग बर्फी घेऊन निघाला.

तात्पर्य: कोंडून ठेवलेली शेरडं कोंडवाड्याची, दार उघडं असताना हाकेसरशी परततात, तेवढीच आपली.