वेशीवरून परत गेलेले दिवस

एका राज्यात वर्षाचे दिवस पायी येत. रोज पहाटे पूर्वेच्या वेशीवर एक दिवस उभा राही, द्वारपाल दार उघडी, दिवस आत येई आणि मग सूर्य उगवे. दिवाळी येई ती ढोलताशांनिशी. पण लहान दिवसही येत, काखोटीला गाठोडे मारून, एकेकटे, आणि त्यांचाही मान होई. केरसुणीच्या सुट्टीला केरसुणीला हळदकुंकू लावून कोपऱ्यात निजवत आणि दिवसभर कोणी केर काढत नसे. शिळ्या गोष्टीच्या दिवशी दहादा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायची आणि ऐकणाऱ्याने पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. उंबरठ्याच्या दिवशी दिवा न लावता उंबरठ्यावर बसायचे, शेजारी एक रिकामा पाट मांडायचा आणि जे माणूस दूर आहे त्याची वाट पाहायची. तुम्ही म्हणाल, हे काय सण झाले? मी म्हणतो, हेच सण होते. दगदग नाही, देखावा नाही, आणि घर कसे भरून येई.

राणी मालवती हे सारे दिवस हौसेने करी. ती गेली आणि राजा शूरध्वजाने ते टाकून दिले. त्याला ते सोसत नसत. पुढे राजकन्या हेमकळा लग्न होऊन सात डोंगरांपलीकडे गेली, तेव्हा तर महाल त्याला खायला उठला.

एका आषाढात हेमकळेचा निरोप आला, "बाबा, दिवाळीला माहेरी येते. पालखी निघाली आहे." वाट तीन महिन्यांची. राजाला घास गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. अशात धूमकर्ण नावाचा जादूगार सोन्याचा आकाशकंदील घेऊन दरबारात आला.

"महाराज, हा टांगा. टांगताच दिवाळी येईल."

"मोबदला?"

"जो दिवस तुमच्या वेशीवरून परत जाईल, तो माझा."

राजाने मनाशी म्हटले, माझ्या वेशीवरून कोण कशाला परत जातो आहे? आणि भर आषाढात, चिखल तुडवीत, त्याने महालाच्या सज्ज्याला कंदील टांगला.

टांगताच दारोदार तोरणे लागली. रांगोळ्या आपोआप उमटल्या, डबे फराळाने भरले. नगर हरखून गेले. दुसऱ्या पहाटे वेशीवर एक म्हातारी उभी राहिली. ती होती केरसुणीची सुट्टी. द्वारपाल म्हणाला, "आजीबाई, आत दिवाळी आहे. आज तुमचं काय काम?" म्हातारी मागे फिरली. त्यानंतर शिळ्या गोष्टीचा दिवस आला आणि उंबरठ्याचा आला. त्यांनाही हेच उत्तर मिळाले. मग मात्र वेशीवर कोणी येईनाच. तोच दिवस पुन्हा पुन्हा उगवे, तीच सजावट. चिवडा सादळला. मुलांनी फुलबाज्या हातात घ्यायचे सोडले. आणि दिवाळी? ती काही आली नाही.

तेव्हा एक तांबट पक्षी खिडकीत येऊन बसला आणि माणसासारखा बोलू लागला.

"राजा, तुझ्या लेकीची पालखी दिवसभर चालते आणि संध्याकाळी पुन्हा त्याच वडाखाली पोचते. दिवसच पुढे सरत नाही, तर वाट कशी सरेल?"

राजा उठून खिडकीशी आला. "उपाय सांग."

"तीन लहान दिवस धूमकर्णाने कोंबड्या झाकायच्या डालग्यांखाली कोंडले आहेत. दिवाळी त्यांच्या मागे खोळंबली आहे. ज्या दिवसाचा मान होईल तो सुटेल."

"सैन्य घेऊन जातो."

"सैन्याने दिवस सुटत नाहीत. एकटा चल."

राजा पायी निघाला. तिसऱ्या रानात धूमकर्णाचे अंगण लागले. अंगणभर राख आणि पालापाचोळा, मधोमध तीन डालगी. जादूगार ओट्यावर बसून हसत होता. चोरलेल्या दिवसांनी त्याला तरुण केले होते.

पहिल्या डालग्याखालून म्हातारीचा आवाज आला, "राजा, माझा मान कर."

राजाने कोपऱ्यातली केरसुणी उचलली, तिला आपल्या कपाळीचे कुंकू लावून आडवी निजवली आणि भरजरी वस्त्रांनिशी राखेत मांडी घातली. बोटभर धूळ अंगावर बसली, तरी झटकली नाही. बसल्या बसल्या त्याला दिसले की मालवती अशीच केरात पाय पसरून बसली आहे आणि चिमुकली हेमकळा धुळीत बोटाने हत्ती काढते आहे. किती वर्षांत हे आठवले नव्हते! सूर्य कलला आणि पहिले डालगे उलटले.

दुसऱ्या डालग्याखालून शब्द आले, "आता माझा."

"गोष्ट सांगेन. पण ऐकणारा कोण?"

"मी," तांबट म्हणाला. "राणीच्या खिडकीत वीसदा ऐकली आहे, तीच सांग."

राजाने आपल्या वरातीची गोष्ट सांगितली. हत्ती ऐन नदीत बसला, नवरदेव गळ्यापर्यंत पाण्यात गेला आणि नवरी काठावरून म्हणाली, "महाराज, आंघोळ लग्नाआधी करतात." तांबट पोट धरून हसला. राजाही हसला, आणि हसता हसता रडू लागला. ही गोष्ट सांगायला मालवतीच हवी होती. दुसरे डालगे उलटले.

तिसऱ्या डालग्याखालचा दिवस हळूच म्हणाला, "माझा मान इथे होत नाही. तो तुझ्याच उंबरठ्यावर, दिवा न लावता."

म्हणजे कंदील उतरवणे आले. धूमकर्ण झटकन पुढे आला.

"उतरवू नका महाराज. त्याच्या काचेत रोज तिन्हीसांजेला लेकीचे मुख दाखवीन. उतरवलात तर ती येईल की नाही, कोण सांगावे?"

राजा तांबटाकडे वळला. "येईल ना रे?"

"ठाऊक नाही," तांबट म्हणाला. "ठाऊक असते तर वाट कशाला पाहिली असती?"

राजा माघारी आला. शिडी लावून स्वतः सज्ज्यावर चढला. कंदिलाच्या काचेत खरोखरच हेमकळा दिसत होती, पालखीचा पडदा सारून बाहेर पाहणारी. राजाने डोळे भरून एकदा पाहिले. "बाळ, तू सावकाश ये," एवढे म्हणून त्याने कंदील फुंकून विझवला आणि खाली उतरवला.

तोरणे गळाली, रांगोळ्या पुसल्या गेल्या, नगरात साधी संध्याकाळ झाली. राजा उंबरठ्यावर बसला, शेजारी रिकामा पाट मांडून. तिसरे डालगे उलटले आणि तिकडे धूमकर्ण एका क्षणात आपल्या खऱ्या वयाचा झाला. काठी शोधत तो रानात निघून गेला.

पहाटे वेशीवर नवा दिवस उभा होता. मग ते ओळीने येऊ लागले. श्रावण आला, भाद्रपद सरला. राजाने एकाही दिवसाला दारातून फिरवले नाही. वाट पाहणे काही सोपे झाले नव्हते. पण आता ती एकट्याने पाहावी लागत नव्हती, रोज कोणीतरी सोबतीला येई.

दिवाळीला चार दिवस उरले होते. भिंतींना अर्धाच चुना लागला होता, फराळाची भाजणीही दळायची होती. अशा अवेळी वेशीतून पालखी आत आली. राजा चुन्याचे हात घेऊन तसाच धावला.

"बाळ, अजून काहीच तयार नाही गं!"

हेमकळा म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात ना?"

तिच्यामागे त्या पहाटेचा दिवस वेशीत अवघडून उभा होता. त्याला नाव नव्हते, सण नव्हता, हातात साधे गाठोडेही नव्हते. राजाने त्याला आत बोलावले आणि लेकीच्या शेजारी पाट दिला.

त्या राज्याच्या पंचांगात तो दिवस आजही आहे. त्या दिवशी दिवे नाहीत, फराळ नाही. दूर गेलेले माणूस अर्ध्या रंगवलेल्या घरी येते आणि घरातले हातचे काम टाकून त्याच्याजवळ बसतात. त्या दिवसाला तिथे नुसते 'आलीस' म्हणतात.