देवाची मूठ

एका राज्यात धान्याला तोटा नव्हता, तरी तिथल्या राजाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. नाव त्याचे धीरवर्मा. नाव ठेवणाऱ्याने जरा घाईच केली म्हणायची, कारण राजा रात्रंदिवस उद्याच्या काळजीत असे.

त्या राज्याची एक रीत होती. दळायला बसण्याआधी घरोघरी मूठभर धान्य देवाच्या नावाने बाजूला काढत. दारी येईल त्या भुकेल्याला ते मिळे. राजाने ती मूठही आपल्या कोठारात भरायला लावली. मग एके दिवशी एक जोगीण साऱ्या गावातून उपाशी परतली.

वेशीवर थांबून ती म्हणाली, "राजा, तू जसजसा उद्याला कवटाळशील, तसतशी तुझी लेक दगड होईल."

त्याच घटकेला राजकन्या मंजुघोषेची पावले दगडाची झाली. वैद्य हरले, मांत्रिक हरले. शेवटी अंगणातली साळुंकी बोलली, "जोगीण काळ्या डोंगरावर आहे. एका वेळची भाकरी घे आणि जा. त्यातले काही उद्यासाठी ठेवू नकोस."

राजा निघाला. पण सवय कुठली सुटते? त्याने अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी हळूच शेल्यात बांधली. वरून साळुंकी म्हणाली, "दगड गुडघ्यापर्यंत आला." राजाने गाठ सोडली, भाकरी मुंग्यांना घातली आणि रिकाम्या हातांनी डोंगर चढला.

जोगीण म्हणाली, "पहिले काम कसेबसे झाले. दुसरे, कोठार रिते कर. तिसरे, मग लेकीपाशी जाऊन झोप."

"झोपू?"

"झोप. जागा राहिलास तर ती गेली."

राजाने कोठार उघडले. गावकरी पोती नेऊ लागले तसा प्रधान म्हणाला, "महाराज, उद्या काय खायचे?" राजाने हातातले पोते घट्ट कवटाळले, आणि दगड राजकन्येच्या छातीला भिडला. राजाने दात आवळले आणि उरलेली पोती स्वतः ओढून बाहेर काढली.

भर दुपारी तो लेकीच्या बिछान्यापाशी आडवा झाला. झोप येईना. पाऊस पडला नाही तर? शत्रू चालून आला तर? एकेका विचाराने दगड वर चढत होता. गळा गेला. हनुवटी गेली.

"बाबा," मंजुघोषा कशीबशी म्हणाली, "तुमच्या जागण्याने मी वाचणार असते, तर केव्हाच वाचले असते. झोपा आता."

एवढे ती बोलली आणि तिचे ओठ दगडाचे झाले.

राजाला रडू फुटले. "देवा," तो म्हणाला, "आजवर हिला तूच सांभाळलेस. मला उगीच वाटे की पहारा माझा आहे. आता तूच बघ." त्याने डोळे मिटले. भीती गेली नव्हती. भीत भीतच त्याला झोप लागली.

जाग आली ती कुणी अंगावर पांघरूण घालत होते म्हणून. मंजुघोषा वाकून उभी होती. राजाने तिची पावले चाचपली. ती ऊन होती.

गावातून कुणी गरम भाकरी धाडली होती. प्रधान दारातून म्हणाला, "महाराज, उद्याचे काय ठरवायचे?"

राजा म्हणाला, "बसा, प्रधानजी. आधी जेवू. लेकीला भूक लागली आहे."