कोपराच्या खळगीचा वसा

ऐक गं माये ज्येष्ठागौरी, तुझ्या उटण्याची कहाणी. आटपाट नगरी एक कासार होता. त्याला दोन सुना. थोरली भिवरा, धाकटी सकवार. दोघी घरोघरी बांगड्या भरायला जात.

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. दारी एक म्हातारी आली. अंगभर धूळ, टाचांना भेगा. म्हणाली, "बायांनो, मला न्हाऊ घालता का?" भिवरा म्हणाली, "मी घरातली थोरली, मला शंभर कामं. पुढं जा." सकवारनं पाट मांडला, मग तेल चोळलं, मग ऊन पाणी घातलं. म्हातारी म्हणाली, "पोरी, तुझं तोंड शिळ्या भाकरीसारखं उललंय. तुला वसा सांगते."

"सांगा आजी, काय करावं?"

"शुक्रवारी उटणं कालवावं. कोरड्या कांतीला मसुराचं पीठ नि साय. तेलकट कांतीला मुलतानी माती नि गुलाबपाणी. नाजूक कांतीला नुसतं बेसन नि दूध. पहिलं बोट गौरीला, दुसरं आपल्या कोपराच्या खळगीला. मग एक दिवस एक रात्र थांबावं. खाज नाही, आग नाही, तर तिसरं बोट तोंडाला. तान्ह्या बाळाला लावतात तसं हलकं लावावं, वाळून तडकायच्या आत धुवावं. दुसरीचं उटणं आपल्या तोंडाला लावू नये." असं म्हणून म्हातारी अंगणात उतरली नि दिसेनाशी झाली.

सकवारनं वसा घेतला. शुक्रवारमागून शुक्रवार गेले, तिचं तोंड लोण्यासारखं मऊ झालं. बायका हात द्यायच्या भिवराच्या हाती नि बघायच्या सकवारकडे. "काय गं बाई कांती! थोरलीनं काही शिकावं हिच्याकडून." भिवरानं रागारागानं बांगडी दाबली, पिचलीच हातात.

घरी आल्यावर म्हणाली, "काय गं, काय फासतेस तोंडाला?" सकवारनं सगळं सांगितलं. म्हणाली, "पण जाऊबाई, तुमची कांती तेलकट, माझी कोरडी. तुम्हाला माती लागेल. आणि आधी खळगीत लावून बघा हं." भिवराच्या मनात आलं, बघा कशी लबाड! गौरी आल्या तोंडावर. ज्येष्ठेचा मुखवटा उंबऱ्यातून आत आणायचा मान थोरलीचा. सारं गाव जमेल, मला बघेल. ते हिला सोसवत नाही, म्हणून हे थांबणं सांगते.

मग भिवरानं सकवारची वाटी चोरली, साय नि मसूर तोंडाला थापले. मुरमं उठली. मग लिंबू पिळून मीठ चोळलं. आग आग झाली. मग नारळाच्या शेंडीनं घासलं. सालटं निघाली, तोंड पुरीसारखं फुगलं. खळगीत मात्र एकदाही बोट लावलं नाही.

गौरी आवाहनाचा दिवस उजाडला. भिवरा कोठीच्या खोलीत धान्याच्या कणगीमागं दडली. सासू म्हणाली, "सकवार, थोरली दिसत नाही. दोन्ही मुखवटे तूच आण." सकवारनं कनिष्ठा उचलली, हलकी फुलासारखी. ज्येष्ठा उचलायला गेली, जड! मग दोन्ही हातांनी उचलू बघितली, हलेना. मग पदर खोचून जोर लावला, तरी हलेना.

सकवार समजली. कोठीत गेली, म्हणाली, "जाऊबाई, ज्येष्ठा तुमच्यासाठी अडलीय."

"हसायला आलीस? बघ, बघ माझं तोंड!"

"हसू कशाला? चला."

"या तोंडानं? गाव काय म्हणेल?"

"गाव काय, दोन दिवस बोलेल. देवी वर्षानं आलीय, उभी आहे बाहेर."

भिवरा रडली. म्हणाली, "सकवार, तुझी वाटी मीच चोरली गं. तुझी कांती माझ्या डोळ्यांत सलत होती." सकवारनं थंड दुधात मऊ फडकं भिजवलं. आधी भिवराच्या कोपराच्या खळगीला लावलं, मग म्हणाली, "हे उद्यापर्यंत राहू दे. आज तोंडाला नुसतं गार पाणी, दुसरं काही नाही."

भिवरा उघड्या तोंडानं बाहेर आली. बायका कुजबुजल्या. तिनं ज्येष्ठेला हात लावला, मुखवटा आपसूक हाती आला. थोरलीनं थोरली आणली, धाकटीनं धाकटी. दुसऱ्या दिवशी खळगी निवांत दिसली, मग दुधाचं फडकं तोंडाला. आग शमली. तिसऱ्या दिवशी, गौरी निघाल्या तेव्हा, सूज उतरली. मग भिवरानं आपला वसा घेतला, मातीचा नि गुलाबपाण्याचा. पाचव्या शुक्रवारी तिचं तोंड तिच्याच तोंडासारखं नितळ झालं.

मत्सर गेला का? थोडा राहिला. पण कुणी सकवारला वाखाणलं नि जिभेवर तिखट शब्द आला, की भिवरा आपल्या कोपराची खळगी चाचपी. शब्द एक दिवस एक रात्र राखी. मग तो बहुधा तोंडाला लावावासाच वाटत नसे.

जशी गौरी भिवराला पावली, तशी तुम्हां-आम्हां साऱ्याजणींना पावो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचांत आवरली, सुफळ झाली, पुरी झाली.