पोचला म्हणजे कुठे पोचला?

ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, त्याच्या अगदी कडेला, कोरड्या नाल्याच्या पलीकडच्या माळावर एक सशीण राहत असे. मुलांनो, तिची एक अडचण आधीच लक्षात ठेवा. सशिणीला एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेता येते. तीन पिल्ले हलवायची म्हणजे तीन खेपा. त्यामुळे संकटाची बातमी तिला इतरांपेक्षा जरा आधी मिळावी लागे.

पूर्वी ही बातमी हाकेने येई. टेकडीवरचा वानर झाडाच्या शेंड्यावरून पाहून ओरडे, ते ऐकून रानातले भेकर भुंके, आणि भेकराचे ऐकून नाल्यावरची टिटवी माळावर हाक देई. हाकेत घोटाळे होत, हे खोटे नाही. एकदा ‘बिबट्या आला’ ही हाक माळावर येईपर्यंत ‘बिबट्या गेला’ अशी झाली होती आणि सगळे खुशाल चरायला बाहेर पडले होते. म्हणून वाघराजाने जेव्हा जाहीर केले, की आता कोळी साऱ्या जंगलात तंतू लावणार, टेकडीवरून हिसका दिला की तो सगळ्यांना कळणार, तेव्हा सशिणीला फार आनंद झाला. एक हिसका म्हणजे बिबट्या, दोन म्हणजे रानकुत्रे, तीन म्हणजे वणवा. “प्रत्येक घरट्यापर्यंत, प्रत्येक बिळापर्यंत!” असे राजा म्हणाला होता.

कोळ्यांनी फांद्यांवरून आपापसांत भांडू नये, म्हणून तंतूंवर देखरेख करायला साळिंदराची नेमणूक झाली. साळिंदर वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. ते कोणाचे काही खात नसे, कोणावर गुरगुरत नसे. फक्त चूक होण्याची त्याला इतकी धास्ती होती, की काहीही होऊ देण्याचीच त्याला भीती वाटे. आपलाच एक काटा उपटून ते पळसाच्या पानावर परवानगी कोरे. एका फांदीला एक पान. पान कोरण्याआधी ते झाडाखाली उभे राहून विचारी, “कोणाची काही हरकत?” एकदा एका होला पक्ष्याने हरकत घेतली, की तंतूमुळे फांदी वाकेल. त्यावर सुनावणी ठरली. सुनावणीला होला आलाच नाही, म्हणून पुढची तारीख पडली. त्या तारखेला होला आला, पण आपली हरकत काय होती हेच तो विसरला होता. मग ती आठवण्यासाठी त्याला मुदत मिळाली. हसू येते ना? मलाही आले होते. पण तंतूची वाट पाहता पाहता सशिणीची पिल्ले मोठी होऊन पांगली, पुढच्या वर्षी नवी झाली, आणि माळावर अजून हाकच चालू होती.

शेवटी एकदाचा कोळी तंतू घेऊन माळाच्या वेशीवरच्या धोंड्यापर्यंत आला. धोंड्याशेजारी एक बोर होती. उरलेल्या तंतूचे भेंडोळे त्याने बोरीच्या फांदीला टांगले आणि तो परत निघाला.

“अरे कोळीदादा, इथंच काय टांगतोस?” सशीण धावत येऊन म्हणाली. “माझी झुडपांची जाळी ती तिकडे, साठ उड्यांवर आहे.”

“ताई, माझं काम धोंड्यापर्यंत,” कोळी म्हणाला. “पुढच्या साठ उड्यांचं पान निघालेलं नाही. पान नसताना एक गाठ मारली, तर मागचा सगळा तंतू काढायला लावतील.”

सशीण साळिंदराकडे गेली. साळिंदर पानांच्या ढिगात बसले होते. त्याने एक पान शोधून काढले, उजेडात धरले आणि म्हणाले, “माळ जोडला गेला आहे. हे पाहा, ‘तंतू पोचला’ असं लिहिलंय.”

“कुठं पोचला, साहेब?”

“माळावर.”

“मी माळावरच राहते. मला दिसत नाही तो.”

“बाई, आमच्या नियमात माळ म्हणजे माळाचा धोंडा. धोंड्याला तंतू लागला, की माळाला लागला.” साळिंदर अगदी समजुतीने बोलत होते. “पुढचंही होईल. त्याच्या हरकती मागवल्या आहेत.”

असे त्याने सशिणीच्या तोंडाला पाने पुसली. तिथवरही ठीक होते. पण साळिंदराचा आणखी एक नियम होता : जिथे तंतू पोचला, तिथे हाक बंद. एकच बातमी दोन वाटांनी आली तर गोंधळ उडेल, म्हणून. माळ तर पानावर जोडलेला होता. तेव्हा टिटवीलाही पान आले, की आता ओरडायचे नाही. ओरडलीस तर नाला सोडावा लागेल. टिटवीने आयुष्यभर दुसरे काही केले नव्हते. ती गप्प धोंड्यावर बसून राहू लागली.

सशिणीला त्या वर्षी तीन पिल्ले झाली. त्यातली धाकटी मोठी गमतीची होती. गवताची एक काडी कानाशी धरून ती म्हणे, “ऐकतेय, ऐकतेय! टेकडीवर कोण आहे?” मग आईला विचारी, “आई, आपला तंतू कधी येणार?”

“आलाय गं,” सशीण म्हणे. “बोरीवर बसलाय.”

चैत्र संपत आला होता. दुपारची वेळ होती आणि वारा टेकडीकडून माळाकडे होता. वानराने शेंड्यावरून धूर पाहिला आणि तंतूला तीन हिसके दिले. कोळ्याचे काम चोख होते, त्यात खोट काढता येणार नाही. हिसके सरसर रानातून आले, नाला ओलांडून आले, धोंड्याशी आले. बोरीवरचे भेंडोळे तीनदा थरथरले आणि थांबले.

ते फक्त टिटवीने पाहिले.

तिने ओरडायला चोच उघडली. मग तिला ते पान आठवले. ओरडावे की न ओरडावे? आणि इथे तिच्या हातून ती चूक झाली, जी अशा जंगलात वाढलेल्याच्याच हातून होते. ती ओरडण्याची परवानगी काढायला साळिंदराकडे उडाली.

“साहेब, वणवा! तीन हिसके आले. हाक देऊ का माळावर?”

“हिसके आले ना?” साळिंदर म्हणाले. “मग तंतू चालतोय. हाक कशाला?”

“पण तो बोरीवर आहे साहेब, भेंडोळ्यात! सशिणीकडे गेलेलाच नाही.”

साळिंदर चपापले. “असं कसं? पोचला म्हणून लिहिलंय की...” आणि ते पान शोधू लागले. एक उलटले, दुसरे उलटले. टिटवी तिथे उभी राहून पाहत होती. मग वाऱ्याबरोबर धुराचा वास आला आणि तिचा धीर सुटला. परवानगी-बिरवानगी सोडून ती जीव खाऊन ओरडत माळाकडे उडाली.

हाक ऐकताच सशिणीने पहिले पिल्लू उचलले आणि नाल्याच्या वाळूत नेऊन ठेवले. परत येऊन दुसरे नेले. तिसऱ्या खेपेला ती धोंड्यापर्यंत आली. वाऱ्याने ठिणग्या नाला ओलांडून माळावर आल्या होत्या. पुढे गवत नव्हते, नुसती आग होती. बोर पेटली होती आणि तंतूचे भेंडोळे क्षणात जळून गेले. सशीण तिथेच येरझाऱ्या घालत राहिली. टिटवी तिच्या डोक्यावर घिरट्या घालत होती.

“मी आधी ओरडायला हवं होतं गं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “मी आधीच ओरडायला हवं होतं.”

एवढे झाल्यावर मात्र पुढच्या साठ उड्यांचे पान चार दिवसांत निघाले. कोणाची हरकत नव्हती. कोळ्याने मान खाली घालून नवा तंतू ओढला आणि सशिणीच्या नव्या जाळीला बांधला. खात्री करायला साळिंदर स्वतः एवढ्या लांब चालत आले. त्याने पान पुढे धरले, काटा उचलला, आणि पहिल्यांदाच विचारले, “पोचला, असं लिहू का?”

सशिणीने तंतूला पंजा लावून पाहिला. उरलेली दोन पिल्ले तिच्या पोटाशी बिलगून बसली होती.

“लिहा,” ती म्हणाली. “आणि कधी पोचला, तेही लिहा. माझी धाकटी रोज विचारायची.”

पानावर त्यासाठी जागा नव्हती. साळिंदराने पान उलटे केले आणि मागच्या बाजूला ते हळूहळू लिहू लागले.

तात्पर्य : सोय पोचली की नाही, हे ती धाडणाऱ्याने ठरवू नये, जिच्या दारी ती यायची, तिला विचारावे आणि वेळेत विचारावे.