चिंचेचा ढीग

"मग माझा शब्द चुकला कुठं, ते सांगा!" गेनू अंगणातूनच ओरडला.

कमालशा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर चिंच फोडत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"आधी चपला काढ."

गेनूनं चपला भिरकावल्या.

त्याचा थोरला भाऊ म्हादू लाकूडतोडीला घाटापलीकडं गेला आणि तापानं तिथंच गेला. एका परक्या म्हातारीच्या झोपडीत. शेवटी तो काय बोलला, ते तिला एकटीलाच ठाऊक. म्हादू तिकडं राहून तिची बोली शिकला होता, पण तिला इकडची भाषा येत नव्हती. म्हणून शाळेत कधी न टिकलेला गेनू अख्खा हिवाळा या फकिराच्या पायाशी बसला. फकीर मूळचा तिकडचाच. तिकडची बोली गेनूनं घोटून घोटून तोंडपाठ केली, आणि काल घाट चढून गेला.

"विचारलंस तिला?"

"विचारलं. माझा भाऊ मरताना काय म्हणाला? तुम्ही शिकवलं तस्सं. शब्दन् शब्द."

"कळलं तिला?"

"कळलं की! डोळे भरले तिचे. माझं तोंड बघत राहिली. आणि मग..." गेनूनं ओट्यावर हात आपटला. "चिंचेचा ढीग सरकवला माझ्यापुढं. फोड म्हणाली! भाऊ गेलाय माझा, बाबा. मी काय तिच्याकडं मजुरीला गेलो होतो?"

"मग?"

"लाथ मारली ढिगाला. आलो निघून."

"चिंचेनं काय केलं होतं तुझं?"

"थट्टा नको, बाबा."

फकिरानं एक चिंचोका बाजूला टाकला.

"तुमच्याकडं पाहुणा आला तर काय करता?"

"पाणी देतो. खाट टाकतो. कामाला नाही जुंपत!"

"आणि घरचा आला तर?"

"घरच्याला कसली खाट? तो आपला येतो, बसतो, कामाला हात लावतो..."

गेनू बोलता बोलता थांबला.

त्याला आठवलं, तिथं ढिगामागं आणखी एक पोतं बसायला अंथरलेलं होतं. म्हातारीच्या पोत्याला अगदी लागून. काल रागाच्या भरात ते दिसूनही दिसलं नव्हतं.

तो मटकन खाली बसला.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू शब्द मागितलेस. दिले."

...

फकिरानं आपल्यापुढची अर्धी चिंच त्याच्याकडं सरकवली. गेनूनं दगड उचलला.

चार चिंचा फोडून झाल्या.

"दादा लबाड होता," गेनू एकदम म्हणाला. "गर स्वतः खायचा. मला म्हणायचा, तुझ्या दाताला चिंच बाधते, तू चिंचोके खा. भाजून द्यायचा, तव्यावर... सालं सोलून..."

तो हसला. हसता हसता रडू फुटलं. म्हादू गेल्यापासून पहिल्यांदाच. पण हात थांबले नाहीत.

"हं," फकीर म्हणाला आणि शेजारी फोडत राहिला.

चिंच संपली. गेनूनं बाहीनं तोंड पुसलं.

"बाबा, उद्या परत जातो. घेईल ती मला घरात?... आणि आता कसं विचारू? नीट शब्द सांगा एवढे."

फकीर उठला. अंगणात उलट्यापालट्या पडलेल्या गेनूच्या चपला उचलून आणल्या आणि त्याच्यापुढं सरळ मांडल्या.

"जा," तो म्हणाला. "आणि काही विचारू नकोस."